बांदोलच्या वाइनसोबत जेवण कसं बेतावं

दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय आणि तुलों या दोन बंदरांच्या मधल्या किनाऱ्यावर बांदोल आहे. समुद्राकडे उतरणाऱ्या टेकड्यांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेतं केलेली आहेत आणि त्यांत द्राक्षं लावलेली आहेत. १९४१ पासून 'बांदोल' हे नाव कायद्याने इथल्या आठ गावांच्या वाइनपुरतं राखलेलं आहे. त्यातल्या ल कास्तेले गावाकडचं दोमेन ताँपिये हे वाइन बनवणारं घराणं मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण तिथे द्राक्षमळा आणि स्वयंपाकघर दोन्ही एकाच तोलाची होती. तिथल्या लुसियाँ पेरो यांनी मूर्वेद्र या द्राक्षासाठी आयुष्य वेचलं. फिलोक्सेरा या किडीने एकोणिसाव्या शतकात मळे उद्ध्वस्त केल्यावर ते द्राक्ष इथून जवळजवळ हद्दपार झालं होतं. त्यांच्या पत्नी लुलू पेरो २०२० मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या हातच्या जेवणाची ख्याती वाइनइतकीच दूरवर पोचली होती.

त्या जेवणाच्या धर्तीवर आपल्या घरी बेत करायचा असेल, तर असं करा.

१. आधी बाटली ओळखा

बांदोलमध्ये पांढरी, रोझे आणि लाल अशा तिन्ही वाइन होतात. पांढरीत मुख्य द्राक्ष क्लेरेत. रोझे फिकट गुलाबी असते, पण तिला हलकी समजू नका. तिच्यातही मूर्वेद्र असतं आणि तिच्या अंगात जेवण पेलण्याचं बळ असतं. नुसती गप्पा मारत प्यायची वाइन म्हणून तिला संपवणं म्हणजे तिच्यावर अन्याय आहे.

लाल बांदोलमध्ये नियमानुसार निम्मं तरी मूर्वेद्र असावं लागतं आणि ती किमान १८ महिने लाकडाच्या पिंपात ठेवावी लागते. मूर्वेद्र उशिरा पिकतं, त्याला ऊन भरपूर लागतं. म्हणूनच ते या उबदार किनाऱ्यावर सुखाने नांदतं. ताँपियेच्या काही शेतांची लाल वाइन वेगळी भरतात: मिगुआ, तुर्तीन, काबासाऊ. काबासाऊमध्ये जवळजवळ सगळं मूर्वेद्र, म्हणून ती सगळ्यात कडक. मिगुआमध्ये इतर द्राक्षांचा वाटा जास्त असतो.

२. तापमान सांभाळा

रोझे आणि पांढरी साधारण १० ते १२ अंशांवर द्या. फ्रिजमधून काढून लगेच ओतली तर वास दबून राहतो, म्हणून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा. लाल १६ ते १८ अंशांवर हवी. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी' हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांसाठीचा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये घरातच ३२ अंश असतात, तेव्हा लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम लाल वाइनमध्ये अल्कोहोलच पुढे येतं, बाकी काही कळत नाही.

३. लाल वाइनला हवा द्या

नव्या लाल बांदोलला उघडल्या उघडल्या कधीकधी चामड्याचा, गोठ्याकडचा वास येतो. घाबरू नका. रुंद भांड्यात ओतून दीड-दोन तास ठेवली की तो वास मागे सरतो आणि काळी फळं, मसाला, रानातल्या सुगंधी झुडपांचा दरवळ वर येतो. जुनी बाटली असेल तर उलट वागा. आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. मग बाटली न हलवता सावकाश ओता आणि फार वेळ उघडी ठेवू नका.

४. अय्योली करा आणि रोझे उघडा

बेताची सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. अय्योली म्हणजे लसूण, अंड्याचा बलक आणि ऑलिव्ह तेल यांची दाट पिवळी चटणी. तीन-चार पाकळ्या लसूण चिमूटभर मिठासोबत खलात ठेचून अगदी लगदा करा, एकही तुकडा राहता कामा नये. त्यात ताज्या अंड्याचा एक बलक घालून ढवळा. मग साधारण २०० मिलिलिटर तेल, सुरुवातीला थेंबथेंब आणि मिश्रण घट्ट व्हायला लागल्यावर बारीक धारेने. बत्ता एकाच दिशेने फिरत राहू द्या. अंडं आणि तेल दोन्ही फ्रिजबाहेरचं हवं. मध्येच तेल सुटून सगळं फाटलं तर टाकून देऊ नका. दुसऱ्या भांड्यात नवा बलक घ्या आणि फाटलेलं मिश्रण त्यात चमचाचमचा घालत घोटा, पुन्हा जमून येतं.

प्रोव्हाँसमध्ये, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या याच भागात, याच्याभोवती अख्खं जेवण मांडतात: पाण्यात भिजवून मीठ उतरवलेला खारा कॉड मासा, उकडलेले बटाटे, गाजर, फरसबी, अंडी. कच्च्या लसणापुढे नाजूक पांढरी वाइन हरते आणि लाल वाइन कडवट लागते. रोझे मात्र तेलाचा जडपणा कापते आणि लसणासमोर उभी राहते. शाकाहारी मंडळींनी कॉड वगळला तरी जेवणात काही उणं राहत नाही.

बुयाबेस, म्हणजे केशर आणि बडीशेप घातलेल्या मासळीच्या रश्श्यासाठीही रोझेच. नुसता भाजलेला मासा असेल, किंवा बकरीच्या दुधाचं ताजं चीज, तर पांढरी.

५. मुख्य पदार्थाला लाल

मूर्वेद्रचा तुरटपणा जिभेला आवळून धरतो. मांसातली प्रथिनं आणि चरबी त्या तुरटपणाला धरून ठेवतात आणि वाइन मऊ लागते. म्हणून कोकराची मांडी लसूण आणि थाइमची सुगंधी पानं लावून भाजा, किंवा दोब करा. दोब म्हणजे लाल वाइन, कांदे, संत्र्याची साल आणि ऑलिव्ह घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं मांस. बहुतेक ठिकाणी ती गोमांसाची असते, आव्हिन्यों शहराकडे कोकराची. आपल्याकडच्या बोकडाच्या मटणाची करायची तर तास-दीड तास जास्त धरा आणि कुकरची शिट्टी वाजवून घाई करू नका. रस आटून चकचकीत व्हायला हवा, ते कुकरमध्ये होत नाही.

मासळीसोबत लाल ओतू नका, तोंडात धातूसारखी चव येते. झणझणीत मटणाच्या रश्श्यासोबतही नाही. तुरटपणा आणि अल्कोहोल मिरचीची आग वाढवतात आणि मग ना रस्सा कळतो, ना वाइन. तसं जेवण असेल तर थंड रोझे घ्या.

६. उरलेली बाटली

बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. नवी लाल बांदोल दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा जास्त खुललेली असते. पिण्याआधी अर्धा तास बाहेर काढा आणि उरलेली दोब गरम करून त्यासोबत घ्या. दोबही शिळीच जास्त मुरलेली लागते.