रंगीत तक्त्यातल्या पांढऱ्या फटी: लाटेक वापरताना या चुका टाळा

लाटेकमध्ये (आज्ञा लिहून मजकूर मांडणारी प्रणाली) तक्त्याच्या शीर्षकाच्या ओळीला करडा रंग दिला, पीडीएफ उघडली, आणि रंग व रेघ यांच्यामध्ये पांढरी फट! इथे बहुतेक जण लगेच आकडे खालीवर करायला लागतात. त्याआधी फट खरी आहे का, ते बघा. पीडीएफ ४०० टक्क्यांवर नेल्यावर फटही तेवढ्याच पटीने रुंदावली, तर ती दस्तऐवजातच आहे. ती केसाएवढीच राहिली किंवा झूम बदलताना कधी दिसते, कधी गायब होते, तर दोन रंगपट्ट्यांच्या कडा पडद्यावर गुळगुळीत करताना वाचक-सॉफ्टवेअरने तो घोळ केलाय. त्यासाठी कोडला हात लावू नका.

फट खरी निघाली, तर संशयित बहुधा बुकटॅब्स, म्हणजे तक्त्याला नीटस आडव्या रेघा देणारं पॅकेज (लाटेकची जोड-सुविधा), असतो. तक्ते रंगवणारं कलरटीबीएल पॅकेज (एक्सकलर या रंगांच्या पॅकेजला टेबल हा पर्याय दिला की तेच लोड होतं) रंग भरतं तो ओळीच्या स्वतःच्या उंचीइतकाच. दोन ओळींच्या मध्ये घातलेली जागा कुठल्याच ओळीची नसते, म्हणून ती कोरी राहते. बुकटॅब्सच्या टॉपरूल (वरची रेघ), मिडरूल (मधली रेघ) या आज्ञा नेमकी तशीच जागा सोडतात: दोन्ही रेघेच्या खाली ०.६५ ईएक्स, आणि मिडरूल वरही ०.४ ईएक्स (ईएक्स म्हणजे साधारण इंग्रजी x अक्षराची उंची). अबव्हरूलसेप आणि बिलोरूलसेप ही रेघेच्या वरच्या-खालच्या जागेची मापं शून्य केली की फट मिटते. पण इतकंच करून थांबलात, तर अक्षरं रेघेला चिकटतात. काढून घेतलेली जागा ओळीच्या आत परत द्यावी लागते.

आणि ती देतानाच खरी गंमत होते. एक्स्ट्रारोहाइट हे ओळीच्या जादा उंचीचं माप फक्त वरून उंची वाढवतं, त्यामुळे मजकूर रंगपट्टीच्या तळाशी बसल्यासारखा दिसतो. अॅरेस्ट्रेच हा ओळी ताणणारा गुणक दोन्हीकडे वाढवतो खरा, पण समसमान नाही. ओळीतला अदृश्य टेकू ७० टक्के आधाररेषेच्या वर आणि ३० टक्के खाली असतो, वाढही त्याच प्रमाणात होते. देवनागरीत हे जास्त खटकतं, कारण आपले उकार, ऋकार आणि जोडाक्षरं खालीही जागा मागतात. मी अशा वेळी सेलस्पेस पॅकेज वापरते, त्यात वरची आणि खालची किमान जागा वेगवेगळी ठरवता येते. एखाद्याच ओळीचा प्रश्न असेल, तर शून्य रुंदीची रेघ घालून हवी तेवढी खोली द्या. अॅडलाइनस्पेस ही बुकटॅब्सची जादा जागा घालणारी आज्ञा मात्र रंगीत ओळींमध्ये टाळाच, ती पुन्हा कोरी पट्टी घालते. ओळ संपवणाऱ्या दुहेरी तिरप्या रेघेपुढे चौकटी कंसात माप दिलं, तर ती वाढ ओळीच्या आत जाते आणि रंगते.

आडव्या दिशेची तक्रार उलटी असते: रंग बाहेर सांडतो. तक्त्याच्या दोन्ही टोकांना अॅट-चिन्ह व रिकामा महिरपी कंस घालून कडेची जागा काढली, तरी कॉलमकलर ही स्तंभ रंगवणारी आज्ञा आपला रंग सवयीने टॅबकोलसेपइतका (स्तंभाच्या कडेची जागा), म्हणजे साधारणपणे ६ पॉइंट, बाहेर पसरवते. रंगाच्या नावानंतर दोन चौकटी कंस देता येतात, डावा आणि उजवा. पहिल्या स्तंभाला डावीकडे शून्य, शेवटच्याला उजवीकडे शून्य. झालं.

मल्टीरोमधला, म्हणजे अनेक ओळींवर पसरलेल्या चौकटीतला, मजकूर अर्धा कापला गेला, तर तो कापलेला नसतो, खालच्या ओळीच्या रंगाखाली गाडला गेलेला असतो. लाटेक ओळी वरून खाली रंगवत जातं, त्यामुळे नंतरची पट्टी आधीच्या मजकुरावर चढते. उपाय विचित्र वाटेल, पण चोख आहे: मल्टीरो सर्वांत खालच्या ओळीत लिहा आणि ओळींची संख्या ऋण द्या, उदाहरणार्थ उणे २. सीलाइनच्या (काही स्तंभांपुरत्याच आडव्या) रेघा अदृश्य होतात त्याही याच कारणाने, तिथे एचएचलाइन ही रेघेची दुसरी आज्ञा वापरा.

एवढी डागडुजी करून कंटाळा आला असेल, तर नाइसमॅट्रिक्स किंवा टॅब्युलरअॅरे ही पॅकेजं घ्या. माझा कल नाइसमॅट्रिक्सकडे, कारण त्यातल्या कोडबिफोर भागात दिलेले रंग आधी भरले जातात आणि अक्षरं व रेघा त्यावर येतात. टॅब्युलरअॅरेत अंतर आणि रंग एकाच जागी नीट सांगता येतात, मात्र मोठ्या तक्त्यांना वेळ लागतो. नाइसमॅट्रिक्सला लाटेक चालवण्याच्या एकापेक्षा जास्त फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत रंग भलतीकडे दिसला, तर काही न बदलता पुन्हा एकदा चालवा.