मांजर हलकेच चावतं तेव्हा : या चुका टाळा

मांडीवरचं मांजर डोळे मिटून घुरघुरत असतं, पाठीवरून हात फिरत असतो आणि अचानक मनगटावर दात टेकतात. रक्त येत नाही, फार तर चार लाल ठिपके उमटतात. मांजर उडी मारून निघून जातं, नाहीतर त्याच हाताला चाटू लागतं. घरातलं कुणी म्हणतं, "लाडानं चावलं." कुणी म्हणतं, "मांजराचा काही भरवसा नाही." दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. हलक्या चाव्याची कारणं पाच-सहा तरी असतात आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर उलटू शकतो. म्हणून आधीचे दहा-पंधरा सेकंद आठवा. हात फिरत होता का? चादरीखाली पाय हलत होते? जेवणाची वेळ झाली होती? खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसलं होतं? नव्वद टक्के उत्तर तिथेच मिळतं, असं म्हटलं तरी फारसं चुकणार नाही.

घुरघुर चालू आहे म्हणून हात फिरवत राहणं

बरेच चावे या चुकीतून होतात, त्यामुळे इथे जरा थांबू. मांजरं एकमेकांना चाटतात ती मुख्यतः डोक्यावर आणि मानेवर, तीही थोडा वेळ. आपण मात्र मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत लांब हात फिरवतो आणि टीव्ही बघता बघता दहा-दहा मिनिटं फिरवत राहतो. सुरुवातीला सुखावणारा स्पर्श हळूहळू टोचायला लागतो. त्यात घुरघुर फसवते. मांजर समाधानानं घुरघुरतं तसं घाबरल्यावर आणि दुखत असतानाही घुरघुरतं.

चावण्याआधी मांजर बऱ्याच खुणा करतं. घुरघुर थांबते किंवा अडखळते. शेपटीचं टोक हलू लागतं, मग अख्खी शेपटी आपटू लागते. पाठीवरची कातडी थरथरते. कान बाजूला वळतात, मग मागे पडतात. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. शेवटी मान झटकन हाताकडे वळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. कुत्र्यांच्या सवयीतून आलेली माणसं इथे हमखास फसतात. त्यांना हलणारी शेपटी खुशीची वाटते. मांजराची आपटणारी शेपटी म्हणजे "पुरे".

उपाय सोपा आहे. तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. मांजरानं डोकं पुढे आणून हाताला घासलं तर आणखी तीन सेकंद. ते नुसतंच बसून राहिलं किंवा अंग चाटू लागलं तर हात मागे घ्या. कितव्या वेळी शेपटी हलते हे दोन-तीन दिवस मोजून बघा. आठव्या वेळी हलत असेल तर पाचव्यालाच थांबायचं. प्रत्येक मांजराचा आकडा वेगळा असतो आणि एकाच मांजराचाही सकाळ-संध्याकाळ बदलतो.

जागाही निवडून घ्या. गाल, हनुवटीखाली, कानांच्या मुळाशी, या ठिकाणी मांजराच्या गंधग्रंथी असतात आणि बहुतेकांना तिथे खाजवलेलं आवडतं. शेपटीचं बूड, पंजे आणि पोट टाळा. पोट वर करून लोळणं ही विश्वासाची खूण आहे, पण पोटाला हात लावायचं ते आमंत्रण नव्हे. तिथे हात गेला की पुढच्या पंजांची मिठी, दात आणि मागच्या पायांच्या लाथा एकदमच मिळतात. लहान मुलांना हा एक नियम शिकवला तरी बरेच ओरखडे वाचतात.

चावल्याबरोबर हात झटकणं किंवा मांजराला मारणं

हात ओढला की तो मांजरासाठी पळणारा उंदीर होतो. पकड आणखी घट्ट होते आणि दात आत वळलेले असल्यामुळे साधा ठिपका चिरेपर्यंत जातो. जिथल्या तिथे हात सैल सोडा, बोलू नका, डोळ्याला डोळा देऊ नका. एक-दोन सेकंदांत जबडा सैल पडतो, मग हात सावकाश काढून घ्या. त्यानंतर उठा आणि मिनिटभर दुसरीकडे जा. चावलं की गंमत संपते, एवढंच त्याला कळायला हवं.

चापट, नाकावर टिचकी, पाण्याचा फवारा, तोंडावर फुंकर, मानेला धरून उचलणं, यातलं काहीही करू नका. मांजर शिक्षेचा संबंध चावण्याशी जोडेल याची खात्री नसते. बऱ्याचदा ते तो तुमच्याशी आणि तुमच्या हाताशी जोडतं. दुसरा तोटा मोठा आहे. गुरगुरण्याबद्दल, फिस्कारण्याबद्दल मार खाल्लेलं मांजर त्या खुणा करणं सोडून देतं आणि मग खरोखरच "न सांगता" चावतं. हाताला लिंबाचं, निलगिरीचं किंवा टी ट्रीचं तेल चोळून चाव्यापासून वाचण्याचा सल्ला दिला जातो, तोही धुडकावून लावा. ही तेलं मांजराच्या पोटात गेली तर विषारी ठरतात.

पिल्लाला बोटांशी खेळू देणं

दोन महिन्यांचं पिल्लू बोटाला लटकतं तेव्हा गोड वाटतं. तेच आठ महिन्यांचं झालं की पोटरीवर झेप घेतं, आणि मग तक्रार सुरू होते. चावा किती जोराचा असावा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ थांबतो. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या पिल्लांचं हे शिक्षण अर्धवट राहतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हजारो मांजरांच्या माहितीवरून हेच दाखवलं : लवकर तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला. पिल्लू आईजवळ १४ आठवड्यांपर्यंत राहावं, असं त्यांनी सुचवलं. एकट्याच आणलेल्या पिल्लाला घरात शिकवणारं मांजर नसतं, मग ते तुमच्यावरच प्रयोग करतं.

त्यात दातांची भर पडते. साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून २६ दुधाचे दात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ३० कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावायला मऊ रबराचं किंवा कापडाचं खेळणं हाताशी ठेवा.

हात हे खेळणं नाही, हा नियम घरातल्या सगळ्यांनी पाळायचा. एकजण पाळतो आणि दुसरा चादरीखाली बोटं नाचवतो, अशानं पिल्लू कधीच शिकत नाही. हातापासून हातभर तरी लांब राहील असं काठीला बांधलेलं पीस किंवा कापडाची गुंडाळी घ्या. ती मांजराच्या तोंडाशी नाचवू नका. भक्ष्य कधी शिकाऱ्याच्या अंगावर धावून जात नाही. जमिनीलगत लांब पळवा, सोफ्याच्या पायामागे दडवा, क्षणभर थांबवा, पुन्हा हलवा. दबा, पाठलाग, झडप, चावा हा क्रम पुरा होऊ द्या. अशी पाच-दहा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा पुरतात. शेवटी खेळणं पकडू द्या आणि लगेच थोडं खायला द्या. लेझरच्या ठिपक्यात पकडण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे अधीर झालेलं मांजर पुढे येणाऱ्या पायावर झेपावतं. लेझर वापरलाच तर शेवटी ठिपका खऱ्या खेळण्यावर आणून थांबवा. खेळ झाला की दोरी कपाटात. गिळलेली दोरी आतडी कापू शकते.

पहाटेच्या चाव्याला उठून खायला देणं

मांजरं पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वात जास्त जागी असतात. पायाचा अंगठा चावला की माणूस उठतो आणि वाटी भरते, हे गणित दोन दिवसांत पाठ होतं. आता तुम्ही दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर पहिले काही दिवस चावे कमी होण्याऐवजी वाढतील. नेमकं तेव्हाच लोक हार मानतात, आणि "आणखी जोरात चावलं की मिळतं" हा नवा धडा मांजर शिकतं. ठरवलं असेल तर निभावा. झोपण्याआधी खेळ, मग पोटभर जेवण, आणि पहाटेसाठी ठरल्या वेळी उघडणारं खाद्ययंत्र. अन्न यंत्रातून येऊ लागलं की चावण्याचं कारणच राहत नाही. उठल्यावरही लगेच वाटी भरू नका, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

चाटता चाटता येणाऱ्या चिमट्याची धास्ती

अंग सैल, कान पुढे, दोन-चारदा चाटणं आणि मध्येच पुढच्या दातांनी बारीक कुरतडणं : ही साफसफाई आहे. केसांतला गुंता मांजर असाच सोडवतं. रागावू नका, नको असेल तर हात सावकाश काढा. हातावर चढून, कातडी दातांत धरून बराच वेळ पकडून ठेवणारा बोका मात्र वेगळा. त्याचं निर्बीजीकरण राहिलं असेल तर ते करून घ्या. साधारण चार-पाच महिन्यांच्या वयापासून पशुवैद्य ते करतात.

भडकलेल्या मांजराला उचलून घेणं

खिडकीबाहेर परकं मांजर दिसलं, शेपटी फुलली, आणि तुम्ही समजावायला गेलात तर चावा तुम्हाला बसतो. राग बाहेरच्यावर असतो, सापडता तुम्ही. हात लावू नका. पडदा ओढा, दिवा मालवा, दार लोटून घ्या. हा भर उतरायला कधी तास, तर कधी अख्खा दिवस लागतो.

"हलकाच तर होता" म्हणून जखम न धुणं

सुळे सुईसारखे असतात. वरून जखम बारीक दिसते, पण तोंडातले पाश्चुरेलासारखे जंतू खोल जाऊन बसतात. कातडी फुटली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, विशेषतः चावा बोटाच्या सांध्यावर असेल किंवा २४ तासांत सूज, ठणका, लाली आली तर. रेबीज आढळतो अशा भागात लस घेण्याबाबत त्याच दिवशी विचारा. मांजराला काय होतं ते पाहू, म्हणून थांबू नका.

वय झालं, चिडचिडं झालंय, असं समजणं

वर्षानुवर्षं शांत असलेलं मांजर अचानक चावू लागलं तर आधी दुखणं धरा. कमरेपाशी हात लागला की चावतं, उंच उडी टाळतं, वाळूच्या पेटीत चढताना अडखळतं : सांधेदुखी. गालाला हात नको, खाताना एका बाजूनं चावतं, लाळ गळते : दात. दहा वर्षांपुढचं मांजर खाखा करत असूनही वाळत असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी हवी. दवाखान्यात मांजर भीतीनं दगडासारखं बसतं आणि काहीच दाखवत नाही, म्हणून घरीच चालतानाचा, उडी मारतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. अंगाच्या कुठल्या भागाला हात लागल्यावर चावा आला हेही तारखेसह लिहून न्या. तोवर माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.