परकीय सायबर हल्ला : कार्यालयांनो, या चुका टाळा

“आमची यंत्रणा इंटरनेटला जोडलेलीच नाही.” हे वाक्य आधी बंद करा. 2019 मध्ये तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुऊर्जा केंद्रात मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा 29 ऑक्टोबरला केंद्राने जवळपास हाच खुलासा केला. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केलं, की प्रशासकीय कामाच्या एका पीसीत मालवेअर सापडलं होतं आणि सर्ट-इनने, म्हणजे देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने, ते 4 सप्टेंबरलाच कळवलं होतं. त्या पीसीला इंटरनेट होतं. अणुभट्टीचं नियंत्रण खरोखर वेगळं होतं, म्हणून निभावलं. तुमच्याकडचं वेगळेपण नेटवर्कच्या नकाशावर आहे की केबलमध्ये, हे स्वतः जाऊन बघा. पेनड्राइव्ह आणि दुरुस्तीला येणाऱ्याचा लॅपटॉप नकाशावर कधीच नसतात.

उलट उदाहरण दिल्लीच्या एम्सचं. नोव्हेंबर 2022 मध्ये पाच सर्व्हर बाधित झाले आणि रुग्णांची नोंदणी कागदावर आली. नेटवर्कचे भाग नीट वेगळे केले नव्हते, हे कारण सरकारनेच संसदेत सांगितलं. एका खोलीतली आग घरभर पसरावी, तसं.

दुसरी चूक सुट्टीची. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरचा हल्ला शनिवारी, 11 ऑगस्ट 2018 ला झाला, आणि तो दुसरा शनिवार होता. चोरांनी बँकेच्या व्यवस्थेला बगल देणारा बनावट स्विच, म्हणजे एटीएमच्या मागण्यांना उत्तर देणारी यंत्रणा, उभा केला. खात्यात पैसे आहेत का, हे बँकेला न विचारताच तो होकार देत राहिला, आणि 28 देशांतल्या एटीएममधून सुमारे 78 कोटी निघाले. सोमवारी स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून, आणखी 13.92 कोटी गेले. शनिवारी धडा मिळाल्यावरही सोमवारी दार उघडं होतं, हे मला जास्त खटकतं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी पुढे बोट दाखवलं ते उत्तर कोरियाकडे.

हल्ला लक्षात आला की आपल्याकडे हमखास केलं जाणारं काम म्हणजे मशीन फॉरमॅट करणं. साहेबांना काम सुरू हवं असतं ना! फॉरमॅटबरोबर पुरावाही जातो. नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन चालू राहू द्या. मेमरीतल्या खुणा बंद केल्यावर पुसल्या जातात. फाइल्स डोळ्यांदेखत लॉक होत असतील आणि नेटवर्क तोडूनही थांबत नसतील, तरच बंद करा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. आणि सर्ट-इनला सहा तासांत कळवा. एप्रिल 2022 च्या निर्देशांपासून ते बंधनकारक आहे. “आधी खात्री करू” म्हणत आठवडा घालवू नका.

दोष कुणाचा, हेही घाईने ठरवू नका. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई अंधारात गेली. पुढे राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. अशा वेळी बोलतात ते लॉग, म्हणजे यंत्रणेत काय कधी घडलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी. ते 180 दिवस जपायचे असतात, पण त्याच सर्व्हरवर ठेवले तर घुसलेला माणूस पहिल्यांदा तेच पुसतो. म्हणून लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळवून ठेवा.