आर्मी, नेव्ही की एअरफोर्स? नर्सिंगवाल्या मुलींनो, या चुका टाळा

"मॅडम, आर्मीत जाऊ, नेव्हीत की एअरफोर्समध्ये?" बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न सुरू होतो. इथे नागपूरकडे कामठीपासून काटोलपर्यंतच्या मुली विचारतात, त्यांचे वडील विचारतात, नर्सिंग कॉलेजात शिकवणारेही विचारतात. ऐकून ऐकून माझी चिडचिड होते, कारण प्रश्नच चुकलेला आहे आणि त्यापायी हुशार मुलींची वर्षं वाया जातात.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: दल निवडत बसणं

आपल्या देशात नर्सिंग ऑफिसरसाठी तिन्ही दलांची वेगवेगळी भरती नसते. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, म्हणजे एमएनएस, ही एकच सेवा आहे आणि ती तिन्ही दलांची हॉस्पिटलं सांभाळते. आज कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात असाल, तर पुढची बदली मुंबईला कुलाब्याच्या नेव्हीच्या 'अश्विनी' हॉस्पिटलात होऊ शकते, त्याच्या पुढची बंगळुरूच्या एअरफोर्स कमांड हॉस्पिटलात. नेव्हीच्या हॉस्पिटलातही तुम्ही एमएनएसच्याच लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असता. अमेरिकेत तिन्ही दलांची नर्स कोअर वेगळी आहे, आणि मोबाईलवर दिसणारे बरेच व्हिडिओ तिथले असतात. ते बघून इथला निर्णय घेऊ नका.

मी ही वर्दी घालून नोकरी केली आहे, म्हणून ठासून सांगते: पांढरी वर्दी आवडते की निळी, यावर काहीही ठरत नाही.

कामठीच्या एका मुलीची गोष्ट सांगते. वडील सैन्याच्या 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स'मधून निवृत्त झालेले, मुलगी बीएस्सी नर्सिंग चांगल्या मार्कांनी पास, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणीही हातात. एमएनएसच्या शॉर्ट सर्व्हिस कमिशनची, म्हणजे नर्सिंगची डिग्री झालेल्या मुलींना ठरावीक वर्षांसाठी ऑफिसर म्हणून घेणाऱ्या भरतीची, जाहिरात आली, तेव्हा मी स्वतः तिला फोन करून कळवलं. तिने फॉर्म भरलाच नाही. जाहिरात आर्मी भरतीच्या साइटवर होती आणि तिला नेव्ही हवी होती. ज्या कॅफेत ती फॉर्म भरायला गेली, तिथल्या माणसाने सांगितलं, "नेव्हीची वेगळी निघेल, थांब." ती थांबली. रोज नेव्हीची साइट उघडून बघायची. काही महिन्यांनी माझ्याकडे आली तेव्हा डोळ्यांत पाणी. "मॅडम, नेव्हीची जाहिरात काऊन येत नाही? मले तर अश्विनीतच जायचं होतं."

अश्विनीत जायचा रस्ता तोच होता, जो तिने सोडला. नर्सिंग ऑफिसरची नेव्हीची वेगळी जाहिरात निघतच नाही. शॉर्ट सर्व्हिसच्या जाहिरातीला ठरलेली तारीख नसते, आली की आली. आज ती नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात आयसीयू सांभाळते आणि पुढच्या जाहिरातीची वाट बघते. या भरतीची वयोमर्यादा 35 असल्यामुळे दार बंद झालेलं नाही, पण हातातली संधी गेलीच ना.

माझी सवय सांगते. दर सोमवारी सकाळी चहा घेताना आर्मी भरतीची साइट मी स्वतः उघडते. दुसऱ्याने पाठवलेला स्क्रीनशॉट वाचत नाही, जाहिरातीची मूळ पीडीएफ उतरवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. कंटाळवाणं काम आहे. पण ज्या मुलीला चार पानं वाचायचा धीर नाही, तिने रात्रपाळीत औषधांचा चार्ट वाचायचा तरी कसा?

दुसरी चूक: "मला डॉक्टर व्हायचंच नाही, मग नीट कशाला?"

बारावीनंतर एमएनएसच्या कॉलेजात बीएस्सी नर्सिंग करायचं असेल, तर नीट द्यावीच लागते. आधी पहिली चाळणी वेगळ्या परीक्षेतून व्हायची, आता ती नीटच्या गुणांवरच होते. आपल्या मुली राज्याची नर्सिंग सीईटी देतात आणि झालं असं समजतात. ती सीईटी राज्यातल्या कॉलेजांसाठी आहे, एमएनएसला तिचा काही उपयोग नाही.

नीट दिली की काम संपलं असंही नाही. निकालानंतर आर्मीच्या साइटवर एमएनएससाठी वेगळा अर्ज करावा लागतो. अर्ज केला नाही तर कितीही मार्क असले तरी तुम्हाला कोणी बोलावणार नाही. त्या अर्जांतून नीटच्या गुणांवर छाननी होते, मग सामान्य बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची संगणकावरची परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. पुणे, मुंबई, दिल्ली, लखनौ, कोलकाता आणि बंगळुरू या सहा कॉलेजांत मिळून जागा साधारण 220. देशभरातून एवढ्याच. आणि मुंबईच्या अश्विनीत शिकली म्हणजे मुलगी नेव्हीची झाली असं नाही, हेही आताच लक्षात ठेवा.

अटी अर्जाच्या आधी बघायच्या, नंतर नाही. बारावी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन, नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात, किमान 50 टक्के. उंची 152 सेंटीमीटर. ती घरी शिंप्याच्या टेपने मोजू नका. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलची खूण करा आणि खुणेपर्यंत मोजा. चपला घालून मोजलेली 153 तपासणीत कामाला येत नाही.

इंग्रजीवर मुली अडतात. ॲपवरचे सराव पेपर सोडवून इंग्रजी सुधारत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. 'हितवाद' या इंग्रजी पेपरचं एक पान रोज मोठ्याने वाचा, घरचे हसले तरी वाचा. मुलाखतीत जीभ वळली पाहिजे, आणि ती "सात दिवसांत इंग्रजी"ने वळत नाही.

तिसरी: जीएनएम केलं की एमएनएस मिळेल

नाही मिळत. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा आहे, डिग्री नाही. शॉर्ट सर्व्हिसला बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी किंवा एमएस्सी नर्सिंग लागतं. जीएनएम झालं असेल तर पोस्ट बेसिक करा. कॉलेजला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे फी भरायच्या आधी बघा.

चौथी: मुलांनी एमएनएसची आशा धरणं

एमएनएसमध्ये फक्त मुली घेतात. बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा हे पहिल्यांदा ऐकतो, तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मुलांसाठी दलाची निवड खरोखर असते, पण ती ऑफिसरची नव्हे: आर्मीत सोल्जर टेक्निकल नर्सिंग असिस्टंट, नेव्हीत आणि एअरफोर्समध्ये मेडिकल असिस्टंट. या भरत्या बारावी सायन्सवर होतात आणि वय कोवळं लागतं. आर्मीला साडेसतरा ते 23. म्हणजे आधी चार वर्षं डिग्री, मग बघू, असं म्हणणाऱ्याचं वय निघून जातं. बारावीतच ठरवा. डिग्री झालेल्या मुलांनी सीआरपीएफसारख्या केंद्रीय दलांतल्या स्टाफ नर्सच्या जागा बघाव्यात, तिथे सब-इन्स्पेक्टरचा हुद्दा मिळतो. हिंगणा रोडवरचा सीआरपीएफ कॅम्प रोज बघता, तो गृह मंत्रालयाखाली येतो, संरक्षण मंत्रालयाखाली नाही. वर्दी सारखी दिसली तरी नोकरी वेगळी.

पाचवी: सीमेवरची स्वप्नं

मिलिटरी हॉस्पिटल म्हणजे गोळ्या लागलेले जवानच, असं समजू नका. फॅमिली वॉर्ड असतो, लेबर रूम असते. पहाटे तीनला जवानाची बायको कळा देत असते, नवरा लेहला, सासू गावाला, आणि तिचा हात धरायला तुम्ही एकट्या. एका हाताने तिचा हात, दुसऱ्या हाताने बाळाचे ठोके मोजायचे. मला हेच काम सगळ्यात जास्त आवडायचं. ज्यांना हे "साधं" वाटतं, त्यांनी दुसरं क्षेत्र निवडावं.

उरलेल्या, थोडक्यात

"सेटिंग आहे" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका, तो नातेवाईक असला तरी.

दात, कान आणि वजन महिनाभर आधी तपासा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत ओपीडीची चिठ्ठी काढून होतं, त्यासाठी खासगी पॅकेज लागत नाही.

दहावीच्या मार्कशीटवर नाव जसं आहे, तसंच आधारवर आणि प्रत्येक अर्जात. फरक असेल तर दुरुस्ती जाहिरात यायच्या आधी करा, कारण जाहिरात आल्यावर आधार केंद्रावर रांग असते आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.