टॅरंटुलाच्या पेटीतली ओल : नाशिकच्या तिन्ही ऋतूंत

टॅरंटुला म्हणजे पाळला जाणारा मोठा केसाळ कोळी; त्याला ओल हवी ती मातीच्या तळाशी. हवेतल्या आर्द्रतेच्या टक्क्यांमागे लागून रोज फवारा मारला की वरचा थर भिजतो, तळ कोरडाच राहतो आणि बुरशी मात्र येते.

मेक्सिकन रेड नी ही ब्राकीपेल्मा गटातली टॅरंटुला मोठी झालेली असेल तर 30 × 20 × 20 सेंमीची पेटी पुरते. नर्सरीतून बिनखताच्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) 650 ग्रॅमची वीट आणा, साधारण 3 लिटर पाण्यात फुलवा आणि मुठीत दाबून बघा. लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. गळला तर कागदावर पसरून सुकवा. मग 11 सेंमीचा थर दाबून भरा. वर मोकळी जागा जास्त सोडू नका. भिंतीवरून पडून पोट फुटलं तर जीव जातो.

हवेची भोकं समोरासमोरच्या भिंतींना हवीत. नुसत्या झाकणाला पाडलीत तर आतली हवा कोंडते.

एका कोपऱ्यात तळापर्यंत जाडसर स्ट्रॉ उभी रोवा. पाणी त्यातूनच, थोडं थोडं. वरचा थर कोरडा राहू द्या. पाण्याची उथळ वाटी मात्र बारा महिने भरलेली हवी. एप्रिल-मे मध्ये पेटी आठवड्यातून दोनदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा: 50 ग्रॅम घटलं तर 50 मिली पाणी घाला. कूलरचा झोत पेटीवर नको. जून ते सप्टेंबर स्ट्रॉला हात लावू नका. थंडीत हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) लावलीच तर बाजूच्या भिंतीला. खाली लावली की तळच सुकतो, आणि उकडलं म्हणून बिळात उतरलेला प्राणी तिथेच भाजतो.

काटा फिरणाऱ्या आर्द्रतामापकावर भरवसा ठेवण्याआधी चमचाभर मीठ दोन थेंब पाण्याने ओलं करून मापकासोबत हवाबंद डब्यात 12 तास ठेवा. काटा 75 च्या आसपास यायला हवा.

पाय पोटाखाली आवळले आणि पोट सुरकुतलं तर पाणी कमी पडलंय. टॅरंटुलाचे पाय सरळ होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. अशा वेळी तोंडाचा भाग अलगद उथळ पाण्यात टेकवा. पोट बाहेरच राहू द्या, श्वासाची छिद्रं पोटाच्या खालच्या बाजूला असतात. मात्र उताणी पडली असेल तर ती कात टाकतेय. तेव्हा शिवू नका, पेटी हलवू नका, आत खायला सोडलेला जिवंत किडा राहिला असेल तर तेवढा काढून घ्या.