वॅक्स, सीलंट की सिरॅमिक? गाडीवर पैसे घालण्याआधी या चुका टाळा

काळी सेडान घेतली तेव्हा हौसेने सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. खिसा चांगलाच हलका झाला, वर तीन वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड मिळालं. सहाच महिन्यांनी रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभा होतो. छतावरच्या दिव्यांचं प्रतिबिंब बॉनेटवर पडलं होतं आणि प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याचं जाळं विणावं तसे बारीक गोल ओरखडे. कोटिंगवाल्याला शिव्या घालायला फोन हातात घेतला आणि आठवलं, सोसायटीत रोज पहाटे एक बादली आणि एकच फडकं घेऊन पंधरा गाड्या पुसणारे दादा माझीही गाडी पुसत होते. चौदा गाड्यांची माती पंधराव्या गाडीवर घासली जात होती.

बहुतेक जण इथेच चुकतात. बाटलीवर किती महिने किंवा वर्षं लिहिली आहेत ते बघून माल निवडतात. गाडी कुठे उभी राहते आणि तिला कोण पुसतं, हे आधी बघायला हवं.

कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. ते ८० अंशांच्या थोडं वर वितळतं. गडद रंगावर त्याची झळाळी देखणी दिसते, पण उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर महिना-दोन महिनेच टिकतं. सीलंट म्हणजे कारखान्यात बनवलेलं पॉलिमर. त्यात तेवढी ओली चमक नसते, पण चार-सहा महिने निघतात. सिरॅमिक कोटिंग सिलिकावर आधारलेलं असतं. ते क्लिअरकोटला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, घट्ट धरून बसतं आणि नीट सांभाळलं तर दोन-तीन वर्षं चालतं. जाडी मात्र साधारण एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा-पाचशेवा भाग. खालचा क्लिअरकोटच ४०-५० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

तेव्हा ‘९एच, आता ओरखडा पडणारच नाही’ या बोलण्याला भुलू नका. हा ९एच पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. हिऱ्याला १० देणारं मोजमाप वेगळं. हायवेवर ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा कोटिंग अडवत नाही. त्याला १५०-२०० मायक्रॉनची पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक प्लास्टिकची फिल्मच लागते. शोरूममध्ये ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून गळ्यात मारतात त्याचंही तसंच. तव्यावर टेफ्लॉन बसवायला ३०० अंशांच्या वर तापवावं लागतं. तुमच्या गाडीच्या रंगाला ती आच दिली तर रंगच उरणार नाही. त्या नावाखाली बहुधा साधं सीलंट फासलेलं असतं. सीलंटच्या भावात मिळत असेल तर घ्या.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे तयारी न करता वर काहीतरी फासणं. धुतलेल्या, वाळलेल्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून हलके बोटं फिरवा. रव्यासारखं खरखरीत लागलं तर ब्रेकची लोखंडी धूळ, डांबर, झाडाचा चीक रंगात रुतून बसलेला आहे. आधी क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीने, भरपूर वंगण मारून, तो काढायचा. ओरखडे असतील तर पॉलिश करायचं. कोटिंग पारदर्शक असतं, त्यामुळे खालचे ओरखडे लपत नाहीत, उलट कोटिंगखाली कोंडले जातात. पॉलिशचं तेल किंवा जुनं वॅक्स राहिलं तर कोटिंग रंगाला धरतच नाही. म्हणून शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने पुसून घेतात. ‘दोन तासांत कोटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला यातल्या कोणत्या पायऱ्या गाळणार ते विचारा.

घरी स्वतः करत असाल तर उन्हात नको, तापलेल्या पत्र्यावर नको. एका वेळी दोन-तीन वीत भाग घ्या आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेत पुसून सपाट करा. राहून गेलेला थर नंतर दिव्याखाली तेलकट डागासारखा दिसतो आणि वाळल्यावर पॉलिशशिवाय निघत नाही. मग पहिला दिवसभर पाणी नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. नवी गाडी पूजेआधीच कोट केली असेल तर ओल्या हळदीकुंकवाचं स्वस्तिक बॉनेटऐवजी समोरच्या काचेवर काढा. देवाला चालतं.

अपघातानंतर गॅरेजमध्ये रंगवलेला दरवाजा लगेच कोट करू नका. भट्टीत भाजलेल्या कंपनीच्या रंगाचं वेगळं, पण नव्याने मारलेल्या रंगातलं सॉल्व्हंट उडायला महिना-दोन महिने जाऊ द्यावे लागतात.

‘पाण्याचे थेंब घरंगळत नाहीत, कोटिंग गेलं’ ही तक्रार नेहमीची. लगेच पुन्हा पैसे मोजू नका. आधी दोन बादल्यांनी (एकीत शॅम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी) शॅम्पू वॉश करा, मग लोखंडी धूळ काढणारा स्प्रे मारा. बऱ्याचदा कोटिंग शाबूत असतं, वर मळाचा थर बसलेला असतो. पांढरे गोल डाग पडले असतील तर दोष बोअरच्या पाण्याचा. थेंब गोल उभा राहतो, उन्हात सुकतो आणि सगळे क्षार एका ठिकाणी सोडून जातो. कोटिंगवर हे डाग जास्तच उठून दिसतात. ताजे असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, लगेच धुऊन टाकायचं. जुने झाले की पॉलिशच. कावळ्या-कबुतरांची घाणही त्याच दिवशी, भिजवून काढा. नखाने खरवडू नका.

उघड्यावर, झाडाखाली उभी राहणारी आणि दुसऱ्याच्या फडक्याने पुसली जाणारी गाडी असेल तर माझं मत सरळ आहे: वर्षातून दोनदा सीलंट, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. छपराखालची गाडी स्वतः धुणार असाल तरच सिरॅमिक.

मी शेवटी सीलंटवर आलो. दादांना महिन्याचे पैसे अजून देतो, फक्त सांगून ठेवलंय की काचा पुसा, पत्र्याला हात लावू नका. परवा त्यांना राहवलं नाही. म्हणाले, “साहेब, एवढी धूळ बसलीय, लोक मला नावं ठेवतात.”