मुंबईहून उमराहला निघताना एहराम कधी बांधावा?

उमराहसाठी, म्हणजे मक्केच्या यात्रेसाठी, मुंबईहून थेट जेद्दाहला जाणाऱ्यांनी एहराम (यात्रेची पवित्र अवस्था आणि तिचा पेहराव) तिथे उतरल्यावर बांधू, असे म्हणून थांबू नये, कारण बहुतेक उलेमांच्या मते मीकातची हद्द, जी एहरामशिवाय ओलांडता येत नाही, विमान हवेत असतानाच मागे पडते. म्हणून घरीच गुस्ल (धार्मिक स्नान) उरकून पुरुषांनी न शिवलेल्या दोन चादरी नेसाव्यात, किंवा निदान त्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. मोठ्या बॅगेसोबत गेलेल्या चादरी वाटेत हाती लागत नाहीत. विमानातल्या चिंचोळ्या शौचालयात चादर नेसणे किती कठीण, हे वेगळे सांगायला नको. स्त्रियांनी नेहमीचे शिवलेले कपडे घालावेत.

नियत, म्हणजे उमराहचा संकल्प, मात्र मीकात जवळ आल्याची घोषणा होताच करावी आणि तल्बिया (‘लब्बैक’चा घोष) सुरू करावी. मोहम्मद अली रोडवरून घेतलेले अत्तर लावायचेच असेल, तर ते नियत करण्यापूर्वी अंगाला लावावे, चादरीला नव्हे. नियत केल्यावर जेवणासोबत येणारा सुगंधी ओला रुमालही नाकारावा.

आधी मदिनेला जाणार असाल, तर मुंबईत एहरामची गरज नाही. मक्केकडे निघताना मदिनेजवळच्या झुल-हुलैफा या मीकातवर तो बांधता येतो.